चकलीची छत्री झाली तेव्हा

एरवी या सदरात मी शब्दांच्या उखाळ्यापाखाळ्या काढीत असतो. अमुक शब्द फारसीतून आला, तमुक कानडीतून आला, आणि तिसरा कुठूनच आला नाही, तो आपल्याच आजीच्या तोंडचा आहे, असा हा निरुपद्रवी उद्योग. वाचक मंडळीही प्रेमाने पत्रे पाठवून माझ्या चुका दाखवतात आणि वर्ष बरे जाते. पण दिवाळी अंकासाठी कागद पुढे ओढला की दर वर्षी एक शब्द आडवा येतो. तो शब्द म्हणजे ‘छत्री’. आजवर मी त्याला टाळत आलो. यंदा टाळायचे नाही असे ठरवले आहे.

२०१८ सालची नरकचतुर्दशी. नोव्हेंबरची ६ तारीख. आम्ही डोंबिवलीकर. पहाटे पाचला बंब तापलेला, मुले डोळे चोळीत पाटावर बसलेली, आणि आमचे वडील, म्हणजे अप्पा, सगळ्यांच्या आधी आंघोळ उरकून नवा सदरा घालून तयार! रेल्वेच्या हिशेब खात्यात त्यांची पस्तीस वर्षे गेली. त्यामुळे वक्तशीरपणा अंगात मुरलेला. वय एकाहत्तर. डाव्या अंगठ्याखाली कारीट त्यांनी असे फोडले की शेजारच्या मजल्यावर आवाज जावा.

सहाच्या सुमारास आम्ही फराळाला बसलो. अप्पांनी ताटाकडे पाहिले आणि सौ.ला म्हणाले, “सूनबाई, ती छत्री दे जरा.”

सौ. गोंधळली. अप्पांनी बोट दाखवले. बोट चकलीकडे होते.

वाचकहो, मी हसलो. नुसता हसलो नाही, तर कोटीही केली. म्हटले, “अप्पा, पाऊस संपला, आता छत्री कशाला?” मुले खो खो हसली. अप्पाही हसले, पण त्यांचे हसू जरा एका बाजूचे होते. थोड्या वेळाने चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून निसटला आणि नव्या सदऱ्यावर सांडला. सौ. म्हणाली, “पहाटे फार लवकर उठता तुम्ही अप्पा. जरा पडा बघू.” अप्पा निमूटपणे पडले. आम्ही दार लोटून घेतले. मुले फडके रोडवर निघून गेली. दिवाळीच्या सकाळी डोंबिवलीची सारी तरुण मंडळी तिथे लोटते, हे आपल्याला ठाऊक आहेच. मी दिवाळी अंक उघडला.

साडेनऊला चहाला हाक मारली तेव्हा अप्पांना उठता येईना. तोंड डावीकडे ओढले गेलेले, उजवा हात पांघरुणाबाहेर पडलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. डोळे मात्र उघडे होते आणि काहीतरी सांगत होते. शब्द फुटत नव्हता.

पुढे जे झाले ते कोणत्याही मराठी घरात होईल तसेच झाले. समोरचे काका आले, त्यांनी पाहिले आणि म्हणाले, “अहो, यांच्या अंगावरून वारं गेलंय. तिळाचं तेल कोमट करा आणि हातपाय चोळा.” आम्ही तेल कोमट केले, हातपाय चोळले. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. नेहमीचे डॉक्टर सणासाठी गावी गेले होते. त्यांची वाट पाहण्यात आणि फोन लावण्यात तास गेला. १०८ हा क्रमांक घरातल्या सातआठ शहाण्या माणसांपैकी एकालाही आठवला नाही. अखेर रिक्षा आणली. पहिल्या ठिकाणी मेंदूचा फोटो काढण्याचे यंत्र नव्हते. दुसरीकडे निघालो, तर पत्री पूल त्या वर्षी धोकादायक ठरून बंद झालेला आणि कल्याणच्या बाजूला वाहनांची ही रांग! स्कॅन झाले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. “यांना शेवटचं अगदी धडधाकट कधी पाहिलंत?”

मी म्हणालो, “सहा वाजता. म्हणजे त्यांनी चकलीला छत्री म्हटलं, त्याच्या आधी.”

ते काही वेळ बोलले नाहीत. मग शांतपणे म्हणाले, “मेंदूच्या नळीत गुठळी अडकली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं. पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आता सात तास झाले. दिलं तर फायद्याऐवजी रक्तस्रावाचाच धोका जास्त.”

आयुष्यभर विद्यार्थ्यांचे चुकलेले शब्द मी लाल शाईने अधोरेखित करीत आलो. त्या सकाळी माझ्या जन्मदात्याचा शब्द चुकला, तो मी ऐकला, चुकला आहे हेही मला कळले. आणि त्याखाली लाल रेघ ओढण्याऐवजी मी त्यावर कोटी केली! रोगाने पहिली वर्दी घरातल्या ज्या माणसाकडे दिली तो शब्दांचाच जाणकार होता. आणि नेमका तोच बेसावध निघाला.

आता थोडे शब्दांविषयी. कारण माझ्या मते घोळ तिथूनच सुरू होतो. या दुखण्याला आपल्याकडे नावे थोडीथोडकी नाहीत. सुश्रुतापासून चालत आलेला ‘पक्षाघात’. पक्ष म्हणजे बाजू, आणि पक्ष म्हणजे पंखही. एक पंख मोडलेल्या पाखराचे चित्र त्यात आहे. ‘अर्धांगवायू’ त्याच कुळातला. वायू बिघडला की असे होते ही आयुर्वेदाची धारणा त्यात मुरली आहे. ‘लकवा’ अरबीतून आला. मुळात तो तोंड वाकडे होण्यापुरता होता. आणि घरगुती बोलीतले ‘वारं गेलं’ हे तर त्या वायूचेच धाकटे भावंड. इंग्रजांनीसुद्धा जुन्या काळी याला ‘ईश्वराच्या हाताचा तडाखा’ म्हटले. पुढे ईश्वर गळाला, हात गळाला, आणि ‘तडाखा’ म्हणजे ‘स्ट्रोक’ तेवढा उरला.

या सगळ्या नावांत सौंदर्य आहे, पण एक खोट आहे. दुखणे जिथे दिसते त्याचे ही नावे वर्णन करतात. जिथे होते त्याचा पत्ता देत नाहीत. हात लुळा पडला म्हणून आपण हात चोळतो. वारे गेले म्हणून खिडकी लावतो. हातापायांत बिघाड काहीच नसतो; बिघाड असतो डोक्यात. मेंदूच्या एका नळीतून रक्त जायचे थांबते, किंवा ती नळी फुटते, आणि त्या भागाच्या हुकमतीत जे काही असेल ते बंद पडते. डाव्या मेंदूची हुकमत उजव्या अंगावर चालते, आणि बहुतेकांची भाषाही डावीकडेच राहते. म्हणून अप्पांचा उजवा हात आणि अप्पांचे मराठी ही दोन्ही एकाच सकाळी गेली. ‘मेंदूचा झटका’ असे साधे नाव घराघरांत रुळले असते, तर निदान आम्ही तेलाची वाटी घेऊन तळव्यांकडे गेलो नसतो.

नळी तुंबली की नासाडी किती वेगाने होते? अमेरिकेतल्या एका तज्ज्ञाने २००६ मध्ये याचा हिशेब मांडला: मोठी नळी तुंबली आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात. मिनिटाला! आपण मिनिटांची किंमत न जाणणारी माणसे थोडीच आहोत? हिंदुस्थानातली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटली ती आपल्या ठाण्याला आली. तेव्हापासून या बाजूचा माणूस घड्याळाच्या काट्यावर जगतो. ८.१४ ची फास्ट आणि ८.१७ ची स्लो यांतल्या तीन मिनिटांसाठी आपण जिन्यावरून जीव धोक्यात घालून धावतो. तेच आपण घरात माणूस अडखळून बोलू लागला की म्हणतो, “झोपू द्या जरा, उठल्यावर बघू.”

ही चूक फक्त आपल्याच घरांत होते असेही नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तीन बलाढ्य पुरुष जगाची वाटणी करायला बसले होते: रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टॅलिन. या तिघांनाही पुढे याच दुखण्याने गाठले. रूझवेल्टचा रक्तदाब अनेक महिने भयंकर चढलेला होता, आणि त्या काळी त्यावर धड औषध नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. चर्चिलला पंतप्रधान असतानाच जून १९५३ मध्ये झटका आला आणि ती गोष्ट लोकांपासून लपवून ठेवण्यात आली. आणि स्टॅलिन? १ मार्च १९५३ च्या दिवशी तो खोलीबाहेर आलाच नाही. दार उघडून पाहण्याची पहारेकऱ्यांची छाती होईना. रात्री तो जमिनीवर पडलेला सापडला, तरी ‘साहेब झोपले आहेत’ असे म्हणून वेळ काढण्यात आला. डॉक्टर आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. ५ तारखेला तो मेला. तेव्हा गुठळी विरघळवणारे औषध नव्हते हे खरे. पण ते दार लोटलेलेच राहिले, हे वाचले की मला आमच्या मधल्या खोलीचे दार आठवते.

आज औषध आहे. ते उपयोगी पडते हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. तेव्हा मुदत तीन तासांची होती, २००८ मध्ये ती साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठी नळी तुंबली असेल तर मांडीतून बारीक तार नेऊन गुठळी बाहेर ओढून काढण्याची युक्तीही २०१५ पासून जगन्मान्य झाली, आणि निवडक रोग्यांत ती चोवीस तासांपर्यंत करता येते. अप्पांची नळी बारीक फांदीची होती, म्हणून तो मार्ग त्यांच्यासाठी नव्हता. पण आधी स्कॅन हवेच. कारण तुंबलेली नळी आणि फुटलेली नळी बाहेरून सारखीच दिसतात, आणि एकीचे औषध दुसरीचे विष ठरते. म्हणूनच घरच्या घरी ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. तोंडात पाणी, चहा, काढा काही घालू नये; गिळण्याची शक्ती गेलेली असली तर ते श्वासनळीत जाते. माणसाला कुशीवर निजवावे, घड्याळ पाहावे, आणि निघावे.

असे किती घरांत होते? मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ ही दोन वर्षे याची मोजदाद केली. पंचविशीपुढच्या १,५६,८६१ माणसांत ४५६ जणांना पहिला झटका आला. दर लाखामागे वर्षाला १४५. त्यांत २१८ बायका होत्या, तेव्हा हे पुरुषांचेच दुखणे आहे हा समज सोडावा. आणि अठ्ठावीस दिवसांच्या आत दहांतले तिघे गेले. २०११ च्या खानेसुमारीत ठाणे शहर आणि कल्याण-डोंबिवली मिळून वस्ती तीस लाखांवर होती. त्यांतली निम्मी माणसे पंचविशीपुढची धरली आणि मुंबईचाच हिशेब लावला, तर आपल्या या पट्ट्यात रोज पाचसहा घरांत कोणाची तरी चकली छत्री होत असते.

ती ओळखायची कशी? वृत्तांचे गण पाठ व्हावेत म्हणून आपल्या पूर्वजांनी ‘यमाताराजभानसलगा’ हा मंत्र केला. त्याच धर्तीवर मी एक मंत्र जुळवला आहे: ‘तोडोहाबोवे’. हसू नका, हसण्याजोगा आहे म्हणूनच तो लक्षात राहतो. ‘तो’ म्हणजे तोंड आणि तोल: हसायला सांगा, तोंड एका बाजूला जाते का पाहा, चालताना एकाएकी झोक जातो का पाहा. ‘डो’ म्हणजे डोळे: एकाएकी दिसेनासे झाले का, एकाचे दोन दिसतात का. ‘हा’ म्हणजे हात: दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा, एक खाली घसरतो का. ‘बो’ म्हणजे बोलणे: साधे वाक्य म्हणायला सांगा, जीभ अडखळते का, भलताच शब्द येतो का. आणि ‘वे’ म्हणजे वेळ: या चारांतले एक जरी एकाएकी दिसले तरी घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा. सगळे एकत्र दिसण्याची वाट पाहू नका. आणि हो, दहा मिनिटांत सगळे आपोआप बरे झाले तरी घरी बसू नका. ती गाडी येण्यापूर्वीची घंटा असते.

हा मंत्र मी आमच्या इमारतीच्या जिन्यात कागदावर लिहून चिकटवला. लोकांनी थट्टा केली. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे भांडी घासणाऱ्या मावशी धावत खाली आल्या. “सर, काकूंचं तोडोहाबोवे झालंय! आठला मी आले तेव्हा चांगल्या बोलत होत्या.” घड्याळात आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. स्कॅन कुठे रात्रंदिवस चालू असते हे मी आधीच विचारून ठेवले होते. नवाच्या आत काकू तिथे पोचल्या, दहाच्या आत इंजेक्शन मिळाले. आज त्या स्वतः चकल्या करतात आणि मावशींच्या हातावर पहिली ठेवतात. मावशींची शाळा चौथीत सुटली. मी एम. ए. दोघांनी तीच खूण पाहिली. तिने घड्याळ पाहिले, मी कोटी केली.

आता मूळ दुखण्याविषयी. बत्तीस देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत, जिच्यात हिंदुस्थानही होता, २०१६ मध्ये असे दिसले की दहांतल्या नऊ झटक्यांमागची कारणे आपल्या हातातली असतात. त्यांत पहिला क्रमांक रक्तदाबाचा. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच तो घात करतो. अप्पांना गोळी चालू होती. पण गणपतीनंतर त्यांनी ती आपल्या मनाने बंद केली, म्हणाले, “आता बरं वाटतंय, उगाच कशाला?” बरे वाटत होते ते गोळीमुळे, हे हिशेब खात्यातल्या माणसालाही उमगले नाही. आणि मीही विचारले नाही. मधुमेह, तंबाखू, दारू, हृदयाचे चुकणारे ठोके, बसून राहणे ही बाकीची मंडळी. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, पुरे असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आपण तेवढे लोणचे-पापडातूनच भरून काढतो! शिवाय हे फक्त म्हाताऱ्यांचे दुखणे नव्हे. शेअर बाजारातले प्रसिद्ध उद्योजक नितीन कामत यांना २०२४ च्या सुरुवातीला चव्वेचाळिसाव्या वर्षी झटका आला. तोंड वाकडे झाले, लिहिता-वाचता येईना, हे त्यांनी स्वतःच सांगितले. व्यायाम करणारा माणूस!

अप्पांचे पुढे काय झाले, हे विचारणार आपण. रुग्णालयातल्या चौथ्या दिवशी त्यांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हते. पण शेजारच्या खाटेवरच्यांनी गणपतीची आरती लावली तेव्हा अप्पांनी ती शेवटपर्यंत बिनचूक म्हटली. मी चकित झालो. डॉक्टरांनी सांगितले, बोलणे आणि गाणे यांच्या वाटा मेंदूत काही अंशी वेगळ्या असतात. एक बुजली तरी दुसरी उघडी राहू शकते. त्या वाटेने आम्ही आत शिरलो. वाचा-उपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत; उरलेले दिवस मी. बाजारातून अंकलिपी आणली. ज्यांनी मला बोट धरून ‘ग गणपतीचा’ शिकवला त्यांना मी बोट धरून ‘ग गणपतीचा’ शिकवला. पहिले सहा महिने पुष्कळ शब्द परत आले, मग थोडे, मग अगदी थेंबथेंब. लुई पाश्चरला १८६८ मध्ये झटका आला आणि डावे अंग कायमचे अधू झाले. पण रेबीजची लस त्याने त्यानंतर सतरा वर्षांनी दिली, हे मी अप्पांना वाचून दाखवी. ते मान हलवीत. आज ते काठी घेऊन गच्चीपर्यंत जातात. डाव्या हाताने सही करतात. शब्दकोडे सोडवत नाहीत, पण मी सोडवताना शेजारी बसतात.

दर वर्षी २९ ऑक्टोबर हा जगभर या आजाराच्या जागृतीचा दिवस पाळतात, आणि तो येतो आपल्या दिवाळीच्या आसपासच. तेव्हा फराळाच्या तयारीत तीन कामे आणखी करा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा रक्तदाब मोजून घ्या, आणि गोळी चालू असेल तर ती खरोखर घेतली जाते ना, हे डबी उघडून पाहा. आपल्या डॉक्टरांना विचारा की रात्री-बेरात्री जवळ स्कॅन कुठे होते आणि गुठळीचे इंजेक्शन कुठे मिळते. ते नाव आणि १०८ भिंतीवरच्या कालनिर्णयावर ठळक लिहा. आणि तोडोहाबोवे मुलांकडून पाठ करून घ्या. घरात संकट पहिल्यांदा बहुधा मुलांनाच दिसते.

आमच्या घरी चकलीला अजून छत्रीच म्हणतात. अप्पांचा तो शब्द परत आलाच नाही. तेव्हा आम्हीच त्यांच्या शब्दाकडे गेलो. सूनबाई विचारते, “अप्पा, आणखी एक छत्री?” ते मान डोलावतात. धाकट्या मुलीला तर चकली हा शब्द परका वाटतो.

तुमच्या घरी यंदा फराळाला बसताना कोणाचा शब्द चुकला, तर हसा जरूर. सणाचा दिवस आहे. पण हसता हसता घड्याळाकडे पाहा.